कॉलेजच्या नव्या इमारतीला महिरप हवी की उघडं काँक्रीट? नाशिककरांनो, मत द्या

कॉलेजरोडकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, आज जेवण झाल्यावर बसलोच.

मी ज्या कॉलेजात शिकलो (नाव देत नाही, नाशकातलंच आहे) तिथे नवीन इमारत होतेय. लायब्ररी, १२ वर्ग आणि एक सभागृह. गेल्या रविवारी माजी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं, हॉलच्या भिंतीवर दोन ड्रॉइंग लावली होती आणि कुठलं आवडतं ते चिठ्ठीवर लिहून द्या म्हणाले.

पहिलं बघताक्षणी वाडा. मोठा दिंडी दरवाजा, दोन्ही बाजूंना देवड्या, पहिल्या मजल्यावर महिरपींची रांग, वर उतरतं कौलारू छप्पर. दुसरं सगळं सपाट, उघडं काँक्रीट, ना प्लास्टर ना रंग, लांबच लांब आडवे छज्जे आणि त्याखाली सावली. माझ्या शेजारचे एक काका म्हणाले, हे तर पार्किंगसारखं दिसतंय.

मी पहिल्याला मत दिलं. विचार करून नाही दिलं हे खरं सांगतो. माझं लहानपण भद्रकालीच्या बाजूला वाड्यात गेलं, मधे चौक, चौकात तुळस, चारी बाजूंनी ओसरी, आणि ओसरीच्या एका खांबाखालच्या दगडाला, म्हणजे तळखड्याला, वाटीएवढा खळगा पडलेला होता कारण आमच्या आधीच्या दोन पिढ्यांतली आणि मग आम्ही पोरं त्याच्यावरच बदाम फोडायचो. मालक-भाडेकरूंच्या वादात वाडा गेला. आता तिथे पाच मजली बिल्डिंग आहे आणि खाली मोबाइलची दुकानं. ड्रॉइंगमधला तो दरवाजा बघितला आणि गळा दाटून आला, लिहून टाकलं पहिलं.

घरी आल्यावर मुलीला फोटो दाखवला. ती तिथेच एसवायला आहे. तिने दोन मिनिटं झूम करून बघितलं आणि विचारलं, बाबा, यात चौक कुठाय?

चौक नाहीये हो. दरवाजातून आत गेलं की मधोमध लांब कॉरिडॉर, दोन्हीकडे वर्ग, टोकाला एक खिडकी. आणि ज्याला मी पार्किंग म्हणून सोडून दिलं त्या दुसऱ्यात मधोमध भलामोठा चौक आहे, चारी बाजूंनी पडवी आहे, एक जुनं कडुनिंबाचं झाडसुद्धा तसंच ठेवलंय. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. महिनाअखेरपर्यंत चिठ्ठी बदलता येते, म्हणून हा धागा. मनापासून सांगा.

भद्रकाली_४२२००१

दादा, पहिलंच. चौक नसेल तर चौक घालायला सांगा पण चेहरा आपला पाहिजे. काळाराम मंदिर बघा, सरदार ओढेकरांनी १८ व्या शतकाच्या शेवटी बांधलं, काळा दगड, चारी बाजूंनी ओवऱ्या, आज सव्वादोनशे वर्षांनी उन्हात अनवाणी आत शिरलं तरी ओवरीत पाय टेकला की थंड वाटतं. सुंदरनारायण १७५६ चं. सराफ बाजारातला सरकारवाडा पेशवाईतला, गोदेला पूर आला की पाणी सराफ बाजारात शिरतं आणि असे कितीतरी पूर त्या वाड्याने बघितलेत. हे आपलं बांधकाम आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर आज बघा, काच आणि चकचकीत पत्रे, फोटो काढला तर ठाणे आहे की सुरत कळणार नाही. मुलं चार वर्षं जिथे राहणार ती जागा तरी नाशिकसारखी दिसू दे.

मेरी_कॉलनी

वाचतेय. चांगला विषय.

उभी_रेष

मी आर्किटेक्ट आहे, नाशकातच प्रॅक्टिस करते, या प्रोजेक्टशी माझा काही संबंध नाही हे आधीच सांगते.

भद्रकालीदादा, काळारामबद्दल एक अक्षर वेगळं नाही. पण त्या ओवरीत पाय थंड का पडतो? भिंत जाड आहे, दगड तापायला वेळ लागतो, ओवरी खोल आहे म्हणून ऊन आत येत नाही, आणि अंगण मोकळं आहे म्हणून हवा फिरते. कमान सगळ्यात शेवटी येते. आता कॉलेजरोडकरांच्या ड्रॉइंगमधल्या महिरपी दगडाच्या असतील असं मला अजिबात वाटत नाही. हल्ली हे काम जीआरसीत करतात, म्हणजे काचेचे तंतू घातलेलं सिमेंट साच्यात मारायचं, १०-१५ मिलिमीटरचं पोकळ कवच निघतं, ते लोखंडी फ्रेमवर बसवून बोल्टने बिल्डिंगला लटकवायचं. महिरप काहीच पेलत नाही, तिलाच दुसरं कोणीतरी पेलत असतं.

आणि आधुनिक म्हणजे परदेशी, कोरडं, आपल्या मातीशी वैर असलेलं, हा जो समज आहे ना त्याचं मला फार वाईट वाटतं. अच्युत कानविंदे आपल्या कोकणातले, आचऱ्याचे. जे. जे. मधे शिकले, मग हार्वर्डला, आणि परत येऊन आयआयटी कानपूर उभं केलं, उघडी काँक्रीटची चौकट आणि त्यात वीट, आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत सावलीतून चालत जाता येईल असे मार्ग, कारण कानपूरचा उन्हाळा. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, १९२७ साली. आयआयएम बंगळूरला त्यांनी फतेहपूर सिक्री डोळ्यापुढे ठेवली पण तिथला एक घुमटसुद्धा उचलला नाही, उचललं ते काय तर चौक, लांब ओसऱ्या, कुठे वर आभाळ कुठे वेल. २०१८ ला प्रित्झकर मिळालं, आर्किटेक्चरमधला जगातला सगळ्यात मानाचा पुरस्कार, भारतात पहिलंच. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानचं आयआयएम अहमदाबाद तर विटांच्या कमानींनी भरलंय, पण ती कमान खरंच वजन घेते आणि तिच्या पायाशी काँक्रीटचा आडवा बीम आहे तो तिला फाकू देत नाही. बघणाऱ्याला न सांगता कळतं कोण कुणाला धरून उभं आहे. माझं भांडण महिरपीशी नाहीये, लटकवलेल्या महिरपीशी आहे.

थर्डइयर_बीएस्सी

मी विद्यार्थी म्हणून सांगू का, कोणी आम्हाला विचारतच नाही म्हणून लिहितेय. आम्ही वर्गात चार तास असतो आणि कॅम्पसमधे आठ. उरलेले चार तास कुठे बसायचं हा रोजचा प्रश्न आहे. आमच्या बिल्डिंगला बाहेरून दगडी क्लॅडिंग आहे, मुख्य दरवाजाला खांब आहेत, फोटो छान येतो. आत पश्चिमेकडे वर्ग आहेत, दोननंतर फळ्यावर ऊन येतं, पडदे लावले की पंख्याची हवा पण कोंडते. कॉरिडॉरमधे दिवसा ट्यूबलाइट. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून डबा खातो आणि कोणी वर जायला आलं की सगळ्यांनी पाय आवरायचे. मुलींचं टॉयलेट तळमजल्यावर एकच, तेही पार मागे. मला महिरप चालेल, काँक्रीट चालेल. बसायला रुंद कट्टा द्या, प्रत्येक मजल्यावर टॉयलेट द्या, आणि माझ्या वर्गातला एक मुलगा कुबड्यांवर येतो त्याला उंबरा नसलेला दरवाजा द्या.

कॉलेजरोडकर

बेटा, अगदी नीट लिहिलंस. हे मी जसंच्या तसं प्रिन्सिपल सरांना दाखवणार आहे.

साइटवरचा_माणूस

३४ वर्षं साइटवर काढली, सरकारी पण आणि खासगी पण, आता रिटायर. मला डिझाइनमधलं जास्त कळत नाही पण इमारत कशी म्हातारी होते ते मी बघितलंय म्हणून लिहितो, लांब होईल.

उघडं काँक्रीट. कॅटलॉगमधे फार सुंदर दिसतं. पण काँक्रीटच्या पोटात सळई असते आणि तिच्यावर जेवढा थर असतो त्याला आम्ही कव्हर म्हणतो, स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, असं. तेवढंच तिचं पांघरूण. साइटवर काय होतं, कव्हरचे ठोकळे नीट बसवत नाहीत, मजूर सळईवर चालतात, सळई खाली दबते, मग कव्हर राहतं पाच मिलिमीटर. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल हळूहळू आत जाते, सळई गंजते, आणि गंजलेलं लोखंड फुगतं, फुगलं की आतून काँक्रीटला ढकलतं आणि एक दिवस छताचा पोपडा खाली. प्लास्टर असलं तर निदान थोडे दिवस झाकलेलं राहतं, उघड्याला तीही सोय नाही. शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, फट राहिली की सिमेंटचं पाणी निघून जातं आणि नुसती खडी दिसते मधाच्या पोळ्यासारखी, आणि ती नंतर लपवता येत नाही कारण आपण उघडं ठेवायचं ठरवलंय. म्हणजे ज्याला उघडं करायचंय त्याने पहिल्या दिवसापासून पाचपट लक्ष द्यायला पाहिजे. चांगलं केलं तर मात्र काय होतं तेही सांगतो. एका कामावर आम्ही पाइनच्या फळ्या लावून भिंत ओतली होती. शटरिंग काढलं तर फळीच्या लाकडाच्या सगळ्या रेषा, गाठी, खिळ्याचे डाग सुद्धा काँक्रीटमधे उमटलेले. आमचा सेंटरिंगवाला मिस्त्री कितीतरी वेळ त्यावर हात फिरवत उभा होता. ती भिंत आजही तशीच आहे, मी मधे जाऊन बघून आलो.

आता जीआरसीच्या महिरपीचं. ताई म्हणाल्या ते बरोबर, पण त्यांनी एक सांगितलं नाही. जिथे तो तुकडा भिंतीला भेटतो तिथे सांधा असतो, सांध्यात सिलंट, म्हणजे पाणी अडवणारं रबरासारखं भरण, भरतात, सिलंट काही वर्षांत उन्हाने कडक होऊन सुटतं. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून तिरका मारतो. पाणी सांध्यातून आत, मागे साठतं, बोल्ट गंजतो. आणि तो गंज कोणाला दिसत नाही कारण तो पोकळ महिरपीच्या मागे आहे. मी एका इमारतीवर (कुठली ते विचारू नका) पावसाळ्यानंतर अशी महिरप बांबूने ठोकून बघितली तर खडखड वाजली, खाली जाण्यायेण्याचा रस्ता होता, त्याच दिवशी दोऱ्या बांधून बंद केला.

आणि वाडे. वाडे जुने झाले म्हणून पडत नाहीत हो. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीची नाहीतर विटेची भिंत, आणि भिंतीच्या पोटात लाकडी खांब, असं ते काम असतं. छपराचं कौल सरकलं, पाणी खांबाच्या बुडात गेलं, बूड कुजलं. भाडं महिना २५-३० रुपये, मालक म्हणतो मी का खर्च करू, भाडेकरू म्हणतो वाडा माझा आहे का. वर कोणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा केला. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ओल आत कोंडतं, मातीची भिंत आतून चिखल होते आणि बाहेरून नवीकोरी दिसते. मग जुलै-ऑगस्टमधे झड लागली की पेपरात बातमी येते. दरवर्षी महापालिका नोटिसा काढते आणि दरवर्षी एक-दोन जातातच.

माझा प्रश्न एवढाच आहे, दोन्ही ड्रॉइंगच्या खाली देखभालीचा खर्च लिहिलाय का?

भद्रकाली_४२२००१

काका, वाड्याचं तुम्ही जे लिहिलंत ते आमच्या गल्लीत घडताना बघितलंय, वाचताना अंगावर काटा आला. पण मग तुमच्याच हिशोबाने आधुनिक इमारत तर आणखी कच्ची ना? वाडा दोनशे वर्षं राहिला. ते अहमदाबादचं कानचं हॉस्टेल १९७४ च्या आसपास पूर्ण झालं आणि २०२० च्या डिसेंबरमधे संस्थाच म्हणाली की १८ पैकी १४ हॉस्टेलं पाडतो, गळतायत, विटा सुटतायत. पन्नास वर्षं पण नाही झाली.

उभी_रेष

आणि १ जानेवारी २०२१ ला निर्णय मागे घेतला, कारण जगभरातून आर्किटेक्ट, तिथलेच माजी विद्यार्थी, सगळे उभे राहिले. २०२२ मधे तो विषय पुन्हा वर आला आणि काही इमारतींचं भवितव्य परत टांगणीला लागलं, हेही खरं. मी ते लपवत नाही. वीट हलकी लागली, २००१ च्या भूकंपाने तडे गेले, पाणी मुरलं. पण त्याच कॅम्पसवर विक्रम साराभाई लायब्ररी आहे, तीच वीट, तोच काळ, ती नीट दुरुस्त केली आणि २०१९ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे दुरुस्त होऊ शकतं. दुरुस्त करायचं की नाही हे ठरवताना आपण ती इमारत वारसा मानतो की नुसती जुनी मानतो, तिथे सगळं फिरतं. चंदीगडला पंजाब विद्यापीठात आणि सरकारी ऑफिसांत पिअर जाँनरे या आर्किटेक्टने केलेल्या खुर्च्या होत्या, साग आणि वेत, अगदी साध्या. आपल्या लोकांनी मोडक्या म्हणून भंगारात काढल्या आणि त्याच खुर्च्या परदेशात लिलावात लाखांत गेल्या. १५० वर्षं झालेल्या इमारतीला आपण हात जोडतो, ५० वर्षांच्या इमारतीला बुलडोझर लावतो. मधली शंभर वर्षं ती जगणार कशी?

येवल्याहून

थोडा वेगळा मुद्दा मांडतो, कोणाला दुखवायचं नाहीये.

काळाराम मंदिराचं कौतुक वर झालं. दगड सुंदर आहे, मीही बघितलाय. पण माझ्या आजोबांच्या पिढीला तो दगड बाहेरूनच माहीत होता. २ मार्च १९३० ला त्या दरवाजासमोर सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आंबेडकर होते, दादासाहेब गायकवाड होते, आणि तो पाच वर्षं चालला. दरवाजा उघडला नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणून मला जेव्हा कोणी म्हणतं की कॉलेजला दिंडी दरवाजा पाहिजे, देवडी पाहिजे, तेव्हा माझ्या मनात पहिलं येतं ते हे की देवडीत पहारेकरी बसायचा आणि कोण आत येणार ते ठरवायचा. वाड्यात पण कोण ओसरीपर्यंत, कोण चौकापर्यंत आणि कोण माजघरापर्यंत हे ठरलेलं होतं. आमचं माणूस दिंडीच्या बाहेरच उभं राहायचं.

मी स्वतः घरातला पहिला ग्रॅज्युएट. ज्या कॉलेजात शिकलो ती साधी आरसीसीची इमारत होती, रंग उडालेला, दिसायला काहीच नाही. पण तिला गेट सोडलं तर दरवाजाच नव्हता, तीन बाजूंनी पायऱ्या आणि कुठूनही वर चढा. पहिल्या दिवशी मला कुठून आत जायचं हे कोणाला विचारावं लागलं नाही. ही गोष्ट मला अजून आठवते. विद्यापीठाची इमारत बांधताना परंपरा म्हणाल तर कोणाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे असं मला वाटतं.

मेरी_कॉलनी

येवल्याहून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

भद्रकाली_४२२००१

दादा, तुमच्या या लिहिण्यावर मी दोन दिवस काही टाइप केलं नाही. आमच्या घरात काळारामाच्या रथाचं कौतुक ऐकतच वाढलो, आणि सत्याग्रह शाळेत धडा म्हणून वाचला. दोन्ही एकाच दरवाजाचं आहे हे डोळ्यापुढे असं कधी आलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे, दिंडी दरवाजा मी फक्त आतून बघितलेला आहे.

तरीपण मला लाकूड-दगड सोडवत नाही. तीन बाजूंनी पायऱ्या ठेवा, देवडी काढा, पहारा काढा, पण पायरी घडीव दगडाची ठेवा जिच्यावर पाथरवटाच्या टाकीच्या खुणा आहेत. एवढं चालेल ना तुम्हाला?

येवल्याहून

चालेल काय, आवडेल. आमच्याकडेच पाथरवट आहेत अजून.

लेणीवेडा

मधे पडतो. नाशकात शिक्षणाच्या जागेची परंपरा शोधायची तर वाड्याच्या खूप मागे जायला लागेल, पांडवलेण्यांपर्यंत. त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी, सगळ्यात जुनी इसवी सनाच्या आधीची. त्यातली बहुतेक विहार आहेत. विहार म्हणजे काय, मधे मोठं दालन, तीन बाजूंनी छोट्या खोल्या, समोर खांबांची पडवी, आणि जवळ पाण्याची टाकी, शिलालेखात तिला पोढी म्हटलंय. भिक्खू पावसाळ्यात राहायचे, शिकायचे. आत्ताच्या भाषेत हॉस्टेल आणि सेमिनार हॉल एकत्र. ३ नंबरच्या आणि १० नंबरच्या लेण्याच्या पडवीत दुपारी जाऊन बसा, मुंबई-आग्रा रोडची गाडी खाली दिसते आणि आवाज पोचत नाही.

आणि ताई, तुम्ही म्हणालात ना की खोटी महिरप नको, इथे तुम्हाला एक अडचण दाखवतो. १८ नंबर हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन आहे, सगळ्यात तेवढं एकच. त्याच्या दर्शनी भागावर जी घोड्याच्या नालासारखी कमान आहे तिच्या आत लाकडाचे वासे कोरलेत. दगडात. दगडाला वाशाची काही गरज नाही, डोंगर आपोआप उभा आहे. त्या कारागिरांना लाकडाचं बांधकाम माहीत होतं, लोकांच्या डोळ्याला ते ओळखीचं होतं म्हणून त्यांनी दगडात लाकूड कोरलं. दोन हजार वर्षांपूर्वी. मग हे खोटं म्हणायचं का? मला नाही वाटत. ओळखीची खूण ठेवणं ही पण माणसाची गरज आहे.

उभी_रेष

ही अडचण खरी आहे. यावर मी प्रामाणिकपणे विचार केला. मला फरक एवढा दिसतो की तो वासा कोरणाऱ्याने डोंगराला दिला आणि डोंगर जाईपर्यंत तो राहणार. सांध्यातून पाणी जाऊन सुटणारा नाही. पण तुमचं म्हणणं मान्य, लोकांना ओळखीचं काही लागतं आणि आमच्या पिढीतल्या आर्किटेक्ट लोकांनी ते फार हलक्यात घेतलं. सपाट भिंतीसमोर माणसाला परकं वाटत असेल तर चूक त्या माणसाची नाही.

पुण्यातला_नाशिककर

तुम्हाला हे दोन्ही एकाच कॅम्पसवर बघायचं असेल तर पुणे विद्यापीठात या, मी तिथेच एमएस्सी केलं. मुख्य इमारत म्हणजे आधीचं गव्हर्न्मेंट हाउस, जेम्स ट्रबशॉचं डिझाइन, १८६० च्या दशकात काम सुरू झालं, उंच मनोरा, इटालियन धर्तीच्या कमानी. १९४९ ला विद्यापीठ झालं. ती इमारत आज सगळे परंपरा म्हणून दाखवतात, लग्नाआधीचे फोटो काढायला लोक येतात, पण ती बांधली तेव्हा गणेशखिंडीत तिच्यासारखं दुसरं काही नसणार, पूर्ण परकी. तसंच मुंबईचा राजाबाई टॉवर, १८७८ ला झाला, गिल्बर्ट स्कॉटने विलायतेत बसून काढला, तो मुंबईला आलाच नाही कधी. आपण विद्यापीठ म्हटलं की जी चित्रं डोक्यात येतात ती अशी आहेत.

आणि त्याच कॅम्पसला लागून आयुका. नारळीकर सरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, १९८८, आणि इमारत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. तिला एक महिरप नाही. भिंती काळ्या, खाली आपला साधा बेसाल्ट, त्याच्यावर कडप्पा, आणि सगळ्यात वर चकाकणारा काळा ग्रॅनाइट, त्यात आभाळ दिसतं त्यामुळे भिंत कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झालं ते कळत नाही. मधे कुंड आहे. आपल्या गोदाघाटावर जसं पायऱ्यांवर बसतो ना, तसंच, पायऱ्या उतरत जातात, फक्त पाणी नाही, हिरवळ आहे. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे उभे आहेत. मी पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने कासावीस झालो की तिथे जाऊन बसायचो. रामकुंडावर वाढलेल्या पोराला ती जागा कोणी समजावून सांगावी लागली नाही. मुख्य इमारतीच्या मनोऱ्याकडे बघून मला छान वाटायचं, पण बसायला कुंडातच जायचो.

साइटवरचा_माणूस

हे आवडलं. काळा दगड आपल्याकडे खोदू तिथे निघतो, नाशिकचा सगळा डोंगरच तो आहे. भाव जास्त सांगतात कारण घडाई हाताची, पण क्लॅडिंगची पातळ चकती लावून ती पिनांनी धरण्यापेक्षा खालचा एक मजला तरी भरीव दगडात बांधा, पावसाचा मार आणि मुलांच्या पाठी, दोन्ही तिथेच लागतात. वर काँक्रीट करा. आणि पश्चिमेला वर्ग देऊ नका, जिने आणि टॉयलेट द्या. दक्षिणेचं ऊन वरून येतं, दोन फुटाच्या छज्ज्याने अडतं. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा पुरत नाही, त्याला भिंतच लागते. हे कुठल्याही वाड्यातल्या मिस्त्रीला माहीत होतं.

थर्डइयर_बीएस्सी

काका, हे आमची बिल्डिंग बांधणाऱ्याला कोणी सांगायला हवं होतं.

कॉलेजरोडकर

मंडळी, अपडेट देतो. काल दुपारी मुलीला घेऊन कॉलेजात गेलो, मुद्दाम दीडच्या सुमाराला, की बघू तरी आत्ताच्या जुन्या इमारतीत सावली कुठे असते. व्हरांड्यात शिपाईमामा होते, आमच्या वेळचे नाहीत पण २० वर्षं झाली त्यांना. त्यांचं स्टूल भिंतीला टेकून. आम्ही बोलत असताना त्यांनी बोलता बोलता स्टूल दोन हात सरकवलं, थोड्या वेळाने परत सरकवलं. मी विचारलं तर म्हणाले, ऊन येतं ना मागे मागे. सकाळी मी त्या खांबाशी असतो, बारा वाजता इथे, चारला पार जिन्याखाली. फरशीवर स्टुलाच्या पायांचे ओरखडे आहेत त्या सगळ्या जागांवर, एका रेषेत. मुलीने त्याचे फोटो काढले. मी दोन्ही ड्रॉइंग मोबाइलवर त्यांना दाखवली आणि विचारलं, मामा, यात तुम्ही स्टूल कुठे ठेवाल? पहिल्यात बराच वेळ शोधलं, मग म्हणाले, इथे मला आतच बसावं लागेल ट्यूबखाली. दुसऱ्यात लगेच बोट ठेवलं, पूर्वेच्या पडवीत, कडुनिंबाच्या अंगाला.

चिठ्ठी बदलली मी. दुसरं लिहिलं, आणि खाली जागा होती तिथे लिहिलं की तळमजला भरीव काळ्या दगडात करावा, पायऱ्या तीन बाजूंनी असाव्यात, एका बाजूला रॅम्प, पश्चिमेला वर्ग नकोत, प्रत्येक मजल्यावर मुलींचं टॉयलेट, आणि दोन्ही प्रस्तावांचा २० वर्षांच्या देखभालीचा खर्च आधी मांडावा. ऑफिसमधे चिठ्ठी घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, एवढं लिहायला जागा नव्हती ना. मी म्हटलं मागच्या बाजूला लिहिलंय.

आणि महत्त्वाचं, येत्या रविवारी १० वाजता दोन्ही आर्किटेक्ट येणार आहेत, कोणीही माजी विद्यार्थी किंवा पालक प्रश्न विचारू शकतो. साइटकाका, तुम्ही पालक नाहीत हे मला माहीत आहे पण माझ्याबरोबर पाहुणे म्हणून या, तुमच्या कव्हरचा आणि बोल्टचा प्रश्न तुम्हीच विचारा, मला जमणार नाही.

साइटवरचा_माणूस

येतो. टेप घेऊन येतो.

भद्रकाली_४२२००१

माझं मत अजून पहिल्यालाच आहे दादा, पण चौक घालून आणि खरं लाकूड वापरून, आणि हे मी तिथे उभं राहून सांगणार. जुन्या बाजारात, पडून गेलेल्या वाड्यांचे सागाचे खांब, तुळया मिळतात, तळखड्यासकट, मी दोन ठिकाणी विचारून ठेवलंय. एक तळखडा तरी त्या चौकात बसवा, मग वर काँक्रीट असो नाहीतर काही. येवल्याचे दादा पण येत असतील तर साडेनऊला शालिमारला थांबतो, माझ्या गाडीवर जागा आहे.

येवल्याहून

पहिल्या एसटीने निघतो. शालिमारलाच भेटू.